टाकी, पिंप, पाइप : हरवलेली मापं कशी काढायची

मागच्या अंकात वृत्तचितीच्या, म्हणजे सरळ नळकांड्याच्या, गणितांबद्दल प्रश्न मागवले होते. काही पत्रं दहावीच्या अभ्यासाच्या टेबलावरून आली, तर काही गच्चीवरून, गाळ्यातून आणि स्वयंपाकघरातून. शाळेच्या गणितांत आम्ही पायची किंमत २२/७ घेतली आहे आणि प्रत्यक्ष मोजमापांत ३.१४१६. हजार घसेमी (घन सेंटिमीटर) म्हणजे एक लिटर, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मुलगा दहावीत आहे. ‘महत्त्वमापन’ प्रकरणातली सूत्रं त्याला तोंडपाठ आहेत, पण त्रिज्या आणि उंची दोन्ही दिलेल्या नसल्या की तो पेन खाली ठेवतो. उदाहरणार्थ : वक्रपृष्ठफळ ६६० चौसेमी, घनफळ ११५५ घसेमी, त्रिज्या व उंची काढा. सुरुवात कुठून करायची?
– एक पालक, सदाशिव पेठ

सूत्राच्या आधी एक मोजणी करायला सांगा : अज्ञात किती आणि माहिती किती? वृत्तचितीला मापं दोनच, त्रिज्या आणि उंची. म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळल्या की काम होतं. त्या ‘वेगवेगळ्या’ मात्र हव्यात. वक्रपृष्ठफळ आणि ‘वृत्तचिती उलगडून मिळालेल्या आयताचं क्षेत्रफळ’ ही एकच माहिती दोन कपडे घालून आलेली असते.

आता तुमचं उदाहरण. घनफळ म्हणजे पाय × त्रिज्या × त्रिज्या × उंची. वक्रपृष्ठफळ म्हणजे २ × पाय × त्रिज्या × उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पाय जातो, उंची जाते, एक त्रिज्याही जाते आणि उरते त्रिज्येची निम्मी. म्हणजे त्रिज्या = २ × घनफळ ÷ वक्रपृष्ठफळ = २३१० ÷ ६६० = ३.५ सेमी. मग उंची = ६६० ÷ (२ × २२/७ × ३.५) = ६६० ÷ २२ = ३० सेमी.

परीक्षेत येणाऱ्या बहुतेक जोड्या अशाच सुटतात. कशाने भागायचं किंवा कशातून वजा करायचं एवढं दिसलं पाहिजे. एकूण पृष्ठफळ आणि वक्रपृष्ठफळ दिलं असेल तर वजाबाकी करा, दोन तळांचं क्षेत्रफळ हातात येतं. एकूण पृष्ठफळ आणि ‘त्रिज्या व उंचीची बेरीज’ दिली असेल तर भागाकार, कारण एकूण पृष्ठफळ = २ × पाय × त्रिज्या × (त्रिज्या + उंची). बेरीज २५ सेमी आणि एकूण पृष्ठफळ ११०० चौसेमी असेल तर त्रिज्या ७, उंची १८. त्रिज्या आणि उंचीचं गुणोत्तर २ : ३ व घनफळ १२,९३६ घसेमी असेल तर मापं २क आणि ३क धरा. घनफळ होतं २२/७ × १२ × क चा घन; त्यातून क चा घन ३४३ येतो, म्हणजे क = ७ आणि मापं १४ व २१ सेमी. इथे मुलं घनमूळाऐवजी वर्गमूळ काढतात. ३४३ चं वर्गमूळ १८.५ आणि काहीतरी येतं. उत्तर इतकं वेडंवाकडं दिसलं की तिथेच थांबून मागे बघावं.

नुसतं वक्रपृष्ठफळ पुरत नाही हे मुलाला कागदावर दाखवा. ४४ × २२ सेमीचा कागद लांबीच्या बाजूने गुंडाळला तर परीघ ४४, त्रिज्या ७, उंची २२ आणि घनफळ ३३८८ घसेमी. तोच कागद दुसऱ्या बाजूने गुंडाळला तर त्रिज्या ३.५, उंची ४४ आणि घनफळ १६९४ घसेमी, बरोबर निम्मं. कागद तोच, वक्रपृष्ठफळ तेच. दोन्ही नळ्या एकात एक उभ्या करून आतल्या नळीत तांदूळ भरा आणि ती अलगद वर काढा. बाहेरची अर्धीच भरलेली दिसेल.

आणि उत्तर चौपट किंवा पाव येत असेल तर सूत्र बदलू नका. बहुधा व्यासाला त्रिज्या समजलेलं असतं.

क्लासच्या सराव-पत्रिकेत प्रश्न होता : वृत्तचितीचं घनफळ ६४६८ घसेमी आणि एकूण पृष्ठफळ २१५६ चौसेमी, तर मापं काढा. उत्तर दिलं होतं त्रिज्या ७, उंची ४२. माझं उत्तर आलं त्रिज्या १४, उंची १०.५. सरांनी चूक दिली. ताळा तर जमतो!
– दहावीची विद्यार्थिनी, धनकवडी

तुझं उत्तर बरोबर आहे. छापलेलंही बरोबर आहे. आधी ताळा. ७ आणि ४२ घेतलं तर घनफळ २२/७ × ४९ × ४२ = ६४६८ आणि एकूण पृष्ठफळ ४४/७ × ७ × ४९ = २१५६. १४ आणि १०.५ घेतलं तर घनफळ २२/७ × १९६ × १०.५ = ६४६८, एकूण पृष्ठफळ ४४/७ × १४ × २४.५ = २१५६. एक उंच नळकांडं, दुसरा बसका डबा. पत्रा तेवढाच आणि पाणीही तेवढंच.

असं का होतं ते बघू. दोन्ही समीकरणांतून पाय काढून टाकला तर त्रिज्या × (त्रिज्या + उंची) = ३४३ आणि त्रिज्येचा वर्ग × उंची = २०५८ एवढंच राहतं. दुसऱ्यातून उंची काढून पहिल्यात घाल. मिळतं ते असं :

त्रिज्येचा घन − ३४३ × त्रिज्या + २०५८ = ०

हे तीन घाताचं समीकरण आहे, वर्गसमीकरण नाही, म्हणून उत्तरं तीनपर्यंत असू शकतात. इथे ती ७, १४ आणि −२१ आहेत. ऋण त्रिज्या टाकून दिली तरी दोन खरी उरतातच. मागच्या प्रश्नातल्या जोड्यांत हा घोळ होत नव्हता, कारण तिथे भागाकाराने त्रिज्या एकटी पडत होती. घनफळ आणि *एकूण* पृष्ठफळ ही जोडी मात्र या बाबतीत खोडकर आहे.

तीन घाताचं समीकरण दहावीत शिकवत नाहीत, मग उत्तर शोधायचं कसं? चाचपडण्याआधी कुंपण घालून घे. दोन तळ एकूण पृष्ठफळापेक्षा लहानच असणार, म्हणून त्रिज्येचा वर्ग ३४३ पेक्षा कमी, त्रिज्या १८.५ च्या आत. वक्रपृष्ठफळही एकूणपेक्षा लहान, म्हणून त्रिज्या २ × ६४६८ ÷ २१५६, म्हणजे ६ पेक्षा जास्त. ६ आणि १८.५ च्या मधल्या संख्या घालून बघ. २२/७ वापरायला सांगितलं असेल तर आधी सातच्या पाढ्यातल्या बघाव्यात, कारण गणित रचणाऱ्याने भागाकार नीट सुटावा म्हणून बहुतेकदा त्याच घेतलेल्या असतात. ७ घातलं की ३४३ − २४०१ + २०५८ = ०. एक उत्तर सापडलं की (त्रिज्या − ७) ने भाग; उरतं त्रिज्येचा वर्ग + ७ × त्रिज्या − २९४ = ०, आणि हे तुझ्या ओळखीचं वर्गसमीकरण. त्यातून १४ येतं. पहिल्या उत्तरावर थांबणाऱ्याला दुसरं कधी दिसत नाही. पत्रिका काढणाऱ्याने आधी मापं धरली आणि त्यांवरून घनफळ-पृष्ठफळ काढलं असेल, तर तोही याच जागी थांबला.

यातली गंमत डब्याच्या आकारात आहे. ६४६८ घसेमी मावणारे डबे डोळ्यांसमोर आण. फार बारीक आणि उंच केला तर बाजूचा पत्रा वाढतो. फार पसरट केला तर झाकण आणि तळ वाढतात. मधे कुठेतरी पत्रा सर्वांत कमी लागतो. ती जागा म्हणजे उंची बरोबर व्यासाएवढी. इथे त्रिज्या सुमारे १०.१, उंची सुमारे २०.२ आणि पत्रा सुमारे १९२२ चौसेमी. पत्रा त्याहून जास्त सांगितला की त्या मापाचे डबे दोन, एक उंच बाजूला आणि एक बसक्या बाजूला. पत्रा १९२२ पेक्षा कमी सांगितला, समजा १८००, तर तशी वृत्तचितीच नाही. गणित चुकीचं छापलंय असं बेलाशक लिहावं. (उंची आणि व्यास सारखे असलेल्या याच वृत्तचितीत गोल नेमका बसतो. गोलाचं घनफळ आणि पृष्ठफळ, दोन्ही तिच्या दोन-तृतीयांश. आर्किमिडीजला हा शोध इतका प्रिय होता की ही आकृती त्याच्या थडग्यावर कोरलेली होती.)

सरांना दोन्ही ताळे शेजारी शेजारी लिहून दाखव. प्रश्नात ‘उंची त्रिज्येपेक्षा जास्त आहे’ एवढे शब्द घातले असते तर उत्तर एकच राहिलं असतं.

सोसायटीच्या गच्चीवर तीन जुन्या काळ्या टाक्या आहेत, लेबलं केव्हाच उडाली. पाणीवाटपासाठी प्रत्येकीत किती लिटर मावतं ते हवंय. बाहेरून परीघ ३४५ सेमी, झाकणापर्यंत उंची १२४ सेमी. हिशोब ११७४ लिटर आला, पण टँकरवाल्याने भरलेलं पाणी आणि हा आकडा जुळत नाही.
– सोसायटीचे सचिव, कोथरूड

तुमचा गुणाकार बरोबर आहे. चुकलंय ते कुठून कुठपर्यंत मोजायचं, यात.

परीघ मोजलात हे उत्तम केलंत. व्यास वरून पट्टी धरून मोजला तर पट्टी मध्यावरून गेली की नाही हे कळत नाही आणि एक-दोन सेंटिमीटर सहज चुकतात. व्यासातली चूक घनफळात दुप्पट होऊन येते. परिघात मात्र एक सेंटिमीटर चुकलं तरी व्यासात ०.३२ सेमीचाच फरक पडतो, हजार लिटरमागे साधारण सहा लिटर. टेप फक्त टाकीच्या फुगीर कड्यांवरून न नेता दोन कड्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यावरून न्या, आणि ती सगळीकडे आडवी आहे ना ते बघा. वरचा आणि खालचा परीघ वेगळा आला तर टाकी निमुळती आहे. फरक थोडा असेल तर सरासरी चालते.

३४५ ÷ ३.१४१६ = १०९.८ सेमी हा बाहेरचा व्यास. झाकणाच्या तोंडाशी भिंतीची जाडी मोजा. ती ६ मिमी असेल तर दोन्ही बाजूंची १.२ सेमी वजा करून आतला व्यास १०८.६ सेमी आणि तळाचं क्षेत्रफळ ९२६३ चौसेमी. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीला ९.२६ लिटर. हा एक आकडा टाकीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर होतं.

आता उंची. झाकणाखालचा घुमट पाणी धरत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपाची खालची कड गाठली की पाणी बाहेर. आणि खाली उतरणारा पाइप तळाला नसून थोडा वर बसवलेला असतो. त्याखालचं पाणी टाकी धुतानाच निघतं. तुमच्या टाकीत ओव्हरफ्लो तळापासून १०६ सेमीवर आणि खालचा पाइप ६ सेमीवर असेल, तर वापरायला मिळतं १०० सेमी, म्हणजे ९२६ लिटर. ११७४ आणि ९२६ मधली तफावत टँकरवाल्याच्या माथी मारण्याआधी या दोन उंच्या मोजून घ्या.

भिंतीची जाडी कळत नसेल तर उलट वाटेने जा. पाणी थोडं शिल्लक असताना पातळीवर खूण करा, वीस लिटरचे पाच जार ओता आणि पातळी किती चढली ते बघा. शंभर लिटरने १०.८ सेमी चढली, तर क्षेत्रफळ १,००,००० ÷ १०.८ = ९२५९ चौसेमी, जवळपास तेच. पातळी वाचताना २ मिमी चुकलं तर क्षेत्रफळात दोन टक्क्यांची चूक येते, म्हणून दोनशे लिटर ओतलंत तर जास्त बरं. ओतताना खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण हेच विसरलं जातं.

तांबट आळीतून पिण्याच्या पाण्यासाठी १५ लिटरचं तांब्याचं सरळ पिंप करवून घ्यायचंय. ओट्यावर जागा कमी, आतला व्यास २६ सेमीच हवा. उंची किती सांगायची आणि तांबं किती लागेल?
– एक गृहिणी, कसबा पेठ

१५,००० घसेमी ÷ (३.१४१६ × १३ × १३) = २८.२५ सेमी. पण ही काठोकाठ भरलेली उंची. पिंप हलवताना पाणी सांडू नये म्हणून वर तीन सेमी मोकळे ठेवा आणि कारागिराला ३१.५ सेमी सांगा. ‘पंधरा लिटरचं’ एवढंच सांगितलंत तर ते काठापर्यंतचं समजतील, आणि त्यात चूक त्यांची नाही.

बाजूचा पत्रा आयताकृती. त्याची लांबी आतल्या परिघाएवढी घेतली तर पिंप किंचित लहान होतं, कारण वाकवताना पत्र्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते आणि लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. म्हणून व्यासात एक जाडी मिळवायची. २२ गेजचा पत्रा ०.७१ मिमी जाड, तर ३.१४१६ × २६.०७ = ८१.९ सेमी. त्यात सांध्यासाठी साधारण १.२ सेमी. उंचीत काठ वळवायला दीड आणि तळाच्या सांध्याला ०.८ धरले तर पत्रा ८३.१ × ३३.८ सेमी, २८०९ चौसेमी. तळाची चकती २७.६ सेमी व्यासाची, ५९८ चौसेमी. एकूण ३४०७ चौसेमी × ०.०७१ सेमी = २४२ घसेमी; तांब्याची घनता ८.९६, म्हणून सुमारे २.१७ किलो. चौरसातून चकती कापताना साडेएकवीस टक्के कात्रण निघतं, इथे शंभर ग्रॅमच्या आसपास. ते कोणाचं हे आधी ठरवून घ्या. सांध्याची मापं कारागीर आपल्या पद्धतीने बदलेल आणि मठारकामात (हातोडीने ठोकून घडवताना) पत्रा थोडा पसरतो, म्हणून शेवटचं माप त्यालाच धरू द्या. तुम्ही आतला व्यास आणि उंची एवढ्यावर ठाम राहा.

वर उघड्या भांड्याला पत्रा सर्वांत कमी लागतो तो उंची त्रिज्येएवढी असताना. झाकणासकट बंद डब्याचा नियम इथे चालत नाही. पंधरा लिटरला ते १६.८ सेमी त्रिज्येचं आणि तेवढ्याच उंचीचं घमेलं होईल. सांधे आणि मोकळी जागा सोडून नुसत्या मापांची तुलना केली तर घमेल्याला २६७२ चौसेमी आणि तुमच्या पिंपाला २८३९, जेमतेम सहा टक्के जास्त. ओट्यावरची जागा वाचत असेल तर हे सहा टक्के खुशाल द्यावेत.

गाळ्यात ६०.३ मिमी बाहेरच्या व्यासाचा एमएस (माइल्ड स्टील) पाइप आहे. दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड केलेली असल्याने जाडी मोजता येत नाही. पाइप न कापता जाडी कशी काढावी?
– फॅब्रिकेशन व्यावसायिक, भोसरी

वजनकाट्यावर. त्याच मापाचा पाइप असून प्लेटांचं वजन वजा केल्यावर तीन मीटरला १५.१ किलो भरला असं समजा. म्हणजे मीटरला ५.०३ किलो. सूत्र असं : एका मीटरचं वजन = (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६, मापं मिमीत. तो शेवटचा आकडा म्हणजे पाय गुणिले पोलादाची घनता, दर घनमीटरला ७८५० किलो, एककं जुळवून.

५.०३३ ÷ ०.०२४६६ = २०४.१. आता (६०.३ − जाडी) × जाडी = २०४.१. वर्गसमीकरण सोडवा, नाहीतर गाळ्यातल्या कॅल्क्युलेटरवर असं करा : २०४.१ ÷ ६०.३ = ३.३८. ६०.३ मधून ३.३८ वजा, येतं ५६.९२, २०४.१ ÷ ५६.९२ = ३.५९. पुन्हा एकदा तसंच केलं की ३.६० येतं आणि पुढे हलत नाही. वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर ५६.७ मिमी येतं. ते त्रिज्येपेक्षाच मोठं, सोडून द्या. धनकवडीच्या विद्यार्थिनीच्या डब्यासारखी इथे दोन्ही उत्तरं जगत नाहीत.

वजनात एक टक्का चूक झाली तर जाडीतही साधारण एकच टक्का चूक येते, म्हणून काटा चांगला घ्या. पाइप गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचं वजन जाडीत मिसळतं आणि उत्तर जरा फुगतं. आत गंज किंवा पाणी असेल तर तेही. भरीव बारला हे सोपं : व्यासाचा वर्ग ÷ १६२ = मीटरचं वजन. १.२ मीटरचा तुकडा ५.८ किलो भरला तर वर्ग ७८३ आणि बार २८ मिमीचा. इथे वजनातली चूक व्यासात निम्मीच उतरते, म्हणून घासून झिजलेल्या बारवर व्हर्निअर वेगवेगळ्या जागी वेगळं वाचन देत असेल, तर सरासरी व्यासासाठी काट्याचं ऐकावं.

जनरेटरसाठी डिझेलची आडवी टाकी आहे : व्यास १२० सेमी, लांबी २०० सेमी. काठी बुडवून ३० सेमी आलं. व्यासाचा पाव भाग, म्हणून पाव टाकी, म्हणजे ५६५ लिटर धरलं. त्याआधीच डिझेल संपलं.
– एक वाचक, हडपसर

उभ्या टाकीत उंची आणि पाणी एकाच प्रमाणात वाढतात, आडव्या टाकीत नाही. खाली गोलाई अरुंद असते. पाव उंचीला पाव नाही, १९.५५ टक्के भरतं. पूर्ण टाकी २२६२ लिटर, म्हणून ३० सेमीला ४४२ लिटर. तुमचे १२३ लिटर तिथे गेले.

काठीवर खुणा करायला हे पुरेल : उंची व्यासाच्या १० टक्के असेल तर डिझेल ५.२ टक्के, २० ला १४.२; ३० ला २५.२, ४० ला ३७.४, ५० ला ५०. वरच्या अर्ध्यासाठी हेच उलटं करायचं : ७० टक्के उंचीला १०० − २५.२ = ७४.८. अचूक सूत्रात त्रिज्या आणि पातळीवरून कोन काढावा लागतो. तो कोन रेडियनमध्ये घ्यायचा असतो. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला तर याच टाकीत ४२,८८८ लिटर डिझेल दिसेल. टाकी ड्रेनच्या बाजूला कलती असेल तर काठी लांबीच्या मध्यावर बुडवा. टाकीची टोकं सपाट नसून फुगीर असतील तर त्यांतलं डिझेल या हिशोबात येत नाही.

याच पत्रात टँकरचं विचारलंय. लंबवर्तुळाकार टँकरला वरचे टक्के जसेच्या तसे लागू पडतात, कारण लंबवर्तुळ म्हणजे एका दिशेने ताणलेलं वर्तुळच, आणि ताणल्याने थरांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. पूर्ण घनफळ मात्र पाय × अर्धी रुंदी × अर्धी उंची × लांबी. कोपरे नुसते गोल केलेल्या चौकोनी टँकरला यातलं काहीच लागू नाही.

पायची किंमत २२/७ घ्यावी की ३.१४? घरात वाद आहे.
– एक वाचक, औंध

प्रश्नपत्रिकेत जे दिलं असेल ते. एरवी २२/७ किंचित मोठं आहे, ३.१४ किंचित लहान, आणि चूक दोन्हीकडे टक्क्याच्या विसाव्या भागाएवढीच. टेप त्याहून जास्त चुकते. आपल्याकडे हा वाद जुना. आर्यभटाने २०,००० व्यासाला परीघ ६२,८३२ सांगितला आणि तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असं म्हणून. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन्ही ठेवले : सूक्ष्म कामाला ३९२७/१२५०, व्यवहाराला २२/७. एकाच गणितात अर्ध्यावर किंमत बदलू नये, एवढंच पाळा.

पावसाळ्यात मुलीने बाटलीचं पर्जन्यमापक केलं. नरसाळ्याचं तोंड १२ सेमी, बाटलीचा आतला व्यास ६ सेमी. बाटलीत १०० मिमी पाणी जमलं. नरसाळं दुप्पट रुंद म्हणून तिने पाऊस ५० मिमी लिहिला. बरोबर?
– एक पालक, सिंहगड रस्ता

नाही, २५ मिमी. व्यास दुप्पट म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून बाटलीतली पातळी पावसाच्या चौपट चढते. या चौपटीचा फायदाच आहे : १ मिमी पाऊस बाटलीत ४ मिमी दिसतो आणि वाचायला सोपा जातो.

ताळ्यासाठी पाणी औषधाच्या मापाने मोजा. तोंडाचं क्षेत्रफळ ११३.१ चौसेमी, मिलिलिटर × १० ÷ ११३.१ म्हणजे मिमी पाऊस. २८३ मिलि भरलं तर २५ मिमी. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोष बाटलीच्या बुडाचा. थंड पेयाच्या बाटलीचं बूड पाकळ्यांसारखं असतं, तिथे ती वृत्तचिती नसतेच. भिंत सरळ सुरू होते तिथपर्यंत आधीच पाणी भरून त्या रेषेला शून्य माना. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून आत खडे घातले असतील तर तेही या शून्याच्या खालीच राहिले पाहिजेत, नाहीतर पाऊस वाढलेला दिसेल. नरसाळं इमारतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. बाल्कनीत ठेवलं तर पाऊस नव्हे, वाऱ्याची दिशा मोजली जाईल. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघायचं असेल तर बाटली त्याच वेळेला वाचा आणि लगेच शून्यापर्यंत रिकामी करा.